पंचाऐंशी टक्के कशाचे?

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीच्या मुलामुलींच्या एका गटाने सायकल आणि सुरक्षितता हा विषय घेतला होता. तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'हेल्मेट वापरा, ८५ टक्के धोका टाळा.' माहिती सांगणाऱ्या मुलीला आम्ही विचारले, "हे पंचाऐंशी टक्के कशाचे?"

ती क्षणभर थांबून म्हणाली, "सर, धोक्याचे."

"कोणत्या धोक्याचे? पडण्याच्या, डोक्याला मार लागण्याच्या, की जीव जाण्याच्या?"

तिने आपल्या सरांकडे पाहिले. सर प्रांजळपणे म्हणाले, "एका माहितीपत्रकात असे छापलेले होते. तेच घेतले." मग त्या मुलीनेच आम्हाला उलट प्रश्न केला. तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली होती. रोज चार किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे. तिच्या शाळेत एकाही मुलीकडे हेल्मेट नव्हते. "मग सर, हेल्मेट घ्यायचे की नाही?"

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि एकाचे उत्तर म्हणजे दुसऱ्याचे उत्तर नव्हे. या लेखात आम्ही त्या पंचाऐंशी टक्क्यांची थोडी झडती घेणार आहोत. त्यातून हेल्मेटविरुद्ध मत बनवण्याचा आमचा हेतू नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही स्वतः सायकलने प्रयोगशाळेत जातो आणि हेल्मेट घालतो. परंतु योग्य गोष्टीसाठी दिलेला ढिला पुरावा पुढे त्या गोष्टीचेच नुकसान करतो, असा आमचा अनुभव आहे.

पडताना काय होते?

प्रथम हेल्मेट काय करते ते पाहू. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. सायकल घसरली की डोके त्या उंचीवरून खाली येते. गतीच्या तिसऱ्या समीकरणात ही उंची घातली, तर जमिनीवर आदळताना खालच्या दिशेचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर येतो, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. हा खालच्या दिशेचा वेग सायकल किती जोरात चालली होती यावर फारसा अवलंबून नसतो; तो उंचीवर अवलंबून असतो. म्हणूनच संथपणे चालवणाराही पडला, तर त्याच्या डोक्याला जबर मार बसू शकतो.

आता हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते, यावर सारे अवलंबून आहे. डोके थेट डांबरावर आपटले आणि त्याला थांबायला समजा तीन मिलिमीटर अंतर मिळाले, तर सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ५०० पट येते. तेच अंतर दोन सेंटिमीटर मिळाले, तर ते ७५ पटींवर उतरते. हिशेब सोपा आहे : पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. दहावीच्या वर्गात तो फळ्यावर पाच मिनिटांत करून दाखवता येईल.

हे दोन सेंटिमीटर मिळवून देणे, एवढेच हेल्मेटचे मुख्य काम. त्याचे आतले अस्तर म्हणजे आपला थर्मोकोलच, फक्त अधिक दाट. थर्मोकोलच्या तुकड्यावर अंगठा जोराने दाबा. खळगा पडतो आणि तो तसाच राहतो. स्पंज दाबा, तो परत वर येतो. स्पंज घेतलेली ऊर्जा परत करतो, थर्मोकोल ती स्वतः चिरडून घेण्यात खर्च करतो. म्हणून हेल्मेटला थर्मोकोल लागतो, आणि म्हणूनच एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरायचे नसते.

हेल्मेटची कसोटीही याच हिशेबावर बेतलेली आहे. युरोपीय मानकात सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने, म्हणजे दीड मीटरवरून पडल्यासारखे, हेल्मेट सपाट ऐरणीवर आदळवतात. आतल्या नकली डोक्याचे मंदन गुरुत्व त्वरणाच्या २५० पटींच्या पुढे जाता कामा नये. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. सायकलवरून पडणे या घटनेसाठी हेल्मेट घडवलेले आहे, आणि त्या कामात ते चोख आहे. दुसरी गोष्ट अशी की ताशी ४० किलोमीटर वेगाच्या धडकेत, वेगाचा वर्ग लक्षात घेता, या कसोटीच्या चौपटीहून अधिक ऊर्जा असते. ट्रकने समोरून ठोकरले, तर काय होईल याची हमी हे मानक देत नाही. शिवाय डोक्याला बसणारा झटका सरळ रेषेतच असतो असे नाही. १९४३ साली ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक हॉलबोर्न यांनी जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून दाखवले की मेंदूला इजा होण्यात डोके गर्रकन फिरण्याचा वाटा मोठा असतो. वरच्या दोन्ही कसोट्या मात्र सरळ आघाताच्या आहेत. फिरण्याचा झटका कमी करणारी अस्तरे अलीकडच्या काळात बाजारात आली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून.

आकड्याचा उगम

तत्त्व असे पक्के आहे. पण रस्त्यावर प्रत्यक्षात किती फायदा होतो, हे तत्त्वातून कळत नाही. ते मोजावे लागते. पंचाऐंशी टक्क्यांचा उगम अशाच एका मोजणीत आहे. रॉबर्ट थॉम्पसन, फ्रेडरिक रिव्हारा आणि डायन थॉम्पसन यांचा हा अभ्यास अमेरिकेतील सिॲटल शहरात झाला आणि मे १९८९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यांनी काय केले? सायकलवरून पडून डोक्याला इजा झाल्यामुळे पाच रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेले २३५ जण घेतले. तुलनेसाठी त्याच रुग्णालयांत सायकल अपघातामुळेच आलेले, पण डोके सोडून इतरत्र मार लागलेले ४३३ जण घेतले. याखेरीज एका आरोग्य सहकारी संस्थेच्या सभासदांपैकी, मागील वर्षात सायकलचा अपघात झालेल्या ५५८ जणांचा दुसरा तुलनागट केला. मग प्रत्येक गटात अपघाताच्या वेळी हेल्मेट किती जणांच्या डोक्यावर होते, ते पाहिले. डोक्याला इजा झालेल्यांत ते प्रमाण ७ टक्के निघाले; रुग्णालयातील तुलनागटात २४ टक्के, आणि दुसऱ्या तुलनागटात २३ टक्के.

फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण, सायकल चालवण्याचा अनुभव आणि अपघाताची तीव्रता यांचा परिणाम गणिताने वजा केल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला : हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी आणि मेंदूच्या इजेचा ८८ टक्क्यांनी घटतो.

या अभ्यासाचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. 'माझे हेल्मेट फुटले, पण डोके वाचले' अशा कहाण्यांपलीकडे जाऊन त्यांनी तुलनेसाठी गट उभा केला. दोन पावसाळ्यांपूर्वी ओल्या पानांवर घसरून आम्हीही पडलो होतो. हेल्मेटला तडा गेला. ज्याने त्याने सांगितले, "हेल्मेट होते म्हणून वाचलात." असेलही. पण हेल्मेट नसताना तसेच पडण्याचा प्रयोग आम्ही केलेला नाही, आणि करण्याची इच्छाही नाही! एकट्या घटनेतून 'नसते तर काय झाले असते' हे कळत नाही. त्यासाठी तुलना लागते, आणि या संशोधकांनी ती केली.

एकाच माहितीची अनेक उत्तरे

आता वही-पेन्सिल घ्या. वरच्या टक्केवारीवरून माणसांची संख्या काढली, तर २३५ पैकी सुमारे १६ जणांनी हेल्मेट घातले होते आणि २१९ जणांनी नव्हते. रुग्णालयातील तुलनागटात ४३३ पैकी सुमारे १०४ जणांनी घातले होते, ३२९ जणांनी नव्हते.

पहिली रीत : दोन्ही गटांत 'घातलेले भागिले न घातलेले' काढा. ७ भागिले ९३ म्हणजे ०.०७५, २४ भागिले ७६ म्हणजे ०.३१६. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.२४ येते. संख्याशास्त्रात याला ऑड्सचे गुणोत्तर म्हणतात. यावरून घट दिसते ती ७६ टक्के.

दुसरी रीत : रुग्णालयात आलेल्यांपैकी हेल्मेट घातलेले एकूण १२०, त्यांतील १६ जणांच्या, म्हणजे १३ टक्क्यांच्या डोक्याला इजा. हेल्मेट नसलेले एकूण ५४८. त्यांतील २१९ जणांच्या, म्हणजे ४० टक्क्यांच्या डोक्याला इजा. १३ भागिले ४० म्हणजे सुमारे एक तृतीयांश. घट ६७ टक्के.

तिसरी रीत संशोधकांची, वय, उत्पन्न इत्यादींची भर-वजावट करून : ८५ टक्के. आणि त्यांनीच दिलेली अनिश्चिततेची मर्यादा पाहिली, तर खरा आकडा ७१ ते ९३ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो.

माहिती एकच, उत्तरे ६७, ७६ आणि ८५. यात कोणी खोटे बोललेले नाही. प्रत्येक रीत वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. घटना विरळ असेल, तेव्हा पहिल्या दोन रीतींची उत्तरे जवळजवळ सारखी येतात. इथे रुग्णालयात आलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांच्या डोक्याला इजा होती, म्हणून ती दूर गेली. तक्त्यावर मात्र यांपैकी सर्वांत मोठा आकडा तेवढा पोचला, आणि 'कशाचे' हा शब्द वाटेत गळून पडला.

आमचा मुख्य आक्षेप या गळण्यावर आहे. अभ्यासातील प्रत्येक माणूस सायकलवरून आधीच पडलेला होता. म्हणजे हा आकडा 'पडल्यानंतर डोक्याला इजा होण्याच्या' शक्यतेविषयी बोलतो. पडण्याची शक्यता किती, याविषयी तो काहीही बोलत नाही. 'धोका टाळा' असे वाचणाऱ्या मुलाला मात्र वाटते की हेल्मेट घातले की अपघातच टळतो.

दुसरा आक्षेप रचनेचा आहे. हेल्मेट कोणी घालायचे, हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्याने त्याने स्वतः ठरवले होते. आपणहून हेल्मेट घालणारा माणूस इतर बाबतींतही सावध असू शकतो; तो वेगळ्या रस्त्यांवर, वेगळ्या वेळी सायकल चालवत असू शकतो. संशोधकांनी काही घटक हिशेबात धरले; पण सावधपणा मोजण्याची फूटपट्टी कोणाकडे असते? अशा अभ्यासात हा दोष पूर्णपणे घालवता येत नाही. तो कबूल करून आकडा थोडा सैल हाताने धरायचा असतो.

आकडा उतरत गेला

विज्ञानात अशा वेळी पुन्हा मोजतात. याच संशोधकांनी १९९६ मध्ये सिॲटलच्याच सात रुग्णालयांतील ३३९० जखमी सायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी डोक्याच्या इजेतील घट ६९ टक्के निघाली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा व रोगनियंत्रण या दोन केंद्रीय संस्थांनी, सायकलस्वारांच्या एका संघटनेने हरकत घेतल्यावर, ८५ टक्क्यांचा दावा मागे घेण्याचे मान्य केले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ऑलिव्हिए आणि क्रेटन यांनी ४० अभ्यास एकत्र केले. त्यांत ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार होते. त्यांचा निष्कर्ष : डोक्याच्या इजेची शक्यता ५१ टक्क्यांनी कमी, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी, आणि डोक्याच्या प्राणघातक इजेची ६५ टक्क्यांनी कमी. (हे आकडेही ऑड्सचेच आहेत, हे आता वाचकांना सांगायला नको.) हेल्मेटमुळे मानेला अधिक इजा होते, या समजुतीला आधार सापडला नाही.

८५ वरून ५१ वर आले म्हणजे हेल्मेट फसले, असा अर्थ कोणी काढू नये. गंभीर इजेची शक्यता एवढी घटवणारी, काही शे ग्रॅम वजनाची दुसरी कोणती वस्तू सायकलस्वाराला मिळणार आहे? त्या मुलीच्या तक्त्यावर यांपैकी कोणताही आकडा लिहिला असता, तरी उपदेश तोच राहिला असता. मग फुगलेला आकडा कशाला?

नियम केला की काय होते?

फुगलेल्या आकड्याची खरी किंमत नियम करताना मोजावी लागते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. जगात असे करणारे ते पहिले. वापर ३१ टक्क्यांवरून वर्षभरात ७५ टक्क्यांवर गेला. डोक्याला इजा होऊन मृत झालेल्या किंवा रुग्णालयात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विमादावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षापर्यंत ७० टक्क्यांनी घटले. विजय ठरलाच, असे वाटेल. परंतु याच सुमारास त्या राज्यात वेगमर्यादा आणि मद्यपान करून वाहन चालवणे यांविरुद्ध जोरदार मोहीम चालू होती. आणि रस्त्यावरच्या मोजणीत सायकली चालवणारी मुलेच, विशेषतः किशोरवयीन मुले, पुष्कळ कमी झालेली आढळली. अपघात घटले त्यात हेल्मेटचा वाटा किती, कमी वेगाचा किती आणि सायकल घरी ठेवण्याचा किती, यावर संशोधकांचा वाद पुढे अनेक वर्षे चालला.

सिॲटलचीच पुढची कथा बोलकी आहे. ज्या परगण्यात हे शहर आहे, त्या किंग कौंटीच्या आरोग्य मंडळाने हेल्मेटसक्तीचा आपला नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला. दंड बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर प्रमाणाबाहेर पडत होता, असे दिसून आले होते. हेल्मेट वापरा, हा सल्ला मात्र मंडळाने कायम ठेवला. हा भेद फार मोलाचा आहे. 'ही वस्तू उपयोगी आहे' आणि 'ही वस्तू नसेल तर शिक्षा करावी' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलवर बसणाऱ्यांना हेल्मेट सक्तीचे करते. पायडलच्या सायकलीला ते लागू नाही. पण शाळा आपला नियम करू शकते, आणि तसा विचार अधूनमधून ऐकू येतो. अशा वेळी आम्हाला ती चार किलोमीटरवरून येणारी मुलगी आठवते. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून २०१७ मध्ये दाखवले की त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना सायकली दिल्या जातात. अशा मुलींना 'हेल्मेट नसेल तर सायकल शाळेच्या आवारात आणू नका' असे सांगितले आणि त्यांतील काहींची सायकल बंद झाली, तर डोके वाचवण्याच्या नादात शिक्षणच गमावले असे होईल. हा तोटा कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत दिसणार नाही.

मग वर्गात काय सांगावे?

हेल्मेट घाला, हेच सांगावे. ज्या घराला परवडते त्याने ते नक्की घ्यावे. शाळेला देणगी मिळत असेल, तर ढाली-चषकांऐवजी हेल्मेटे घ्यावीत. ते कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे. मागे सरकलेले हेल्मेट कपाळाचे रक्षण करत नाही. हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. मोटारसायकलचे हेल्मेट त्याऐवजी देऊ नये. ते जड व गरम असते, आणि उन्हात पायडल मारणारे मूल ते पहिल्या वळणावरच हँडलला अडकवते.

पण त्याच तासाला हेही सांगावे की हेल्मेट हा शेवटचा बचाव आहे. त्याच्या आधी ब्रेक, मागचा परावर्तक, संध्याकाळचा दिवा, शाळेजवळच्या रस्त्यावरील वाहनांचा वेग आणि साइडपट्टीवरचे खड्डे येतात. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या मरणांचा भार शाळकरी मुलांच्या डोक्यावरच्या थर्मोकोलवर टाकून मोठ्यांना मोकळे होता येणार नाही. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेटविना सायकल चालवतात आणि तरीही तेथील सायकलप्रवास जगातील सर्वांत सुरक्षित प्रवासांत मोडतो. कारण तेथे रस्ते आणि वाहनांचा वेग आधी सुधारले गेले. आपले रस्ते तसे होईपर्यंत हेल्मेटची गरज आपल्याला अधिक आहे, आणि रस्त्यांविषयी बोलण्याचीही.

प्रदर्शनातल्या त्या मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, "घेता आले तर हेल्मेट जरूर घे. नाही मिळाले, तरी सायकल सोडू नकोस." तिने थोडा विचार केला, खडू मागितला आणि तक्त्यावरील ओळीच्या खाली, जागा होती तेवढ्यात, लिहिले : 'पडल्यावर डोक्याला मोठी इजा होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.' ओळ लांबली होती आणि घोषणा म्हणून ती काही जमली नव्हती. आम्ही त्या गटाला पहिला क्रमांक दिला.